जुन्या गिटारचे ओरखडे काढताना : तीन रविवार आणि एक खोडरबर

आधी हिशेब सांगून टाकतो. काम तीन रविवारचं, मधे कुरिअरची वाट बघण्यात गेलेले आठ दिवस आणि खर्च २,९५० रुपये. त्यातले १८० रुपये वाया गेले, ते कसे ते पुढे येईलच. डिसेंबर मुद्दाम निवडला. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे काम काढू नये. कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, फडक्यावरच वाळतं, आणि जुनं लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत थर, उष्णतेनं मऊ पडलेलं असेल तर घासता घासता ओढलं जातं.

गिटार कोलकात्याच्या बनावटीची, अकूस्टिक. मधे पिवळसर, कडांना गडद लाल-तपकिरी असं सनबर्स्ट रंगकाम आणि वर चकचकीत थर. वय पंचवीसच्या आसपास. लाकडाला तडा नाही, ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी, उचललेला नाही, आवाज खणखणीत. अंग मात्र दिसायला धुरकट. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली गिटार येता-जाता कोरड्या टॉवेलनं पुसली की तिचं असंच होतं. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याच्या फासांत धूळ अडकून बसते आणि पुढच्या वेळी तोच टॉवेल बारीक पॉलिश पेपरचं काम करतो.

पहिल्या शनिवारी रात्री फक्त बघण्याचं काम केलं. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, कारण तिचा उजेड पसरट असतो. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसते. गाड्यांची कामं करणारे त्याला स्वर्ल म्हणतात. खरं तर या रेघा गोल नसतात. त्या सगळ्या दिशांनी असतात, पण ठिपक्याकडून येणाऱ्या उजेडाला ज्या आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल दिसतात. टॉर्च हलवला की जाळंही सरकतं. जे सरकत नाही, जागच्या जागी राहतं, तो खरा ओरखडा.

ओरखड्यांवरून नख हळूच आडवं फिरवायचं. नख न अडखळता गेलं तर तो वरवरचा आहे, निघेल. किंचित जाणवलं तर निघेल किंवा फिका होईल. नख अडकलं तर त्याच्या नादी लागू नका. तेवढ्या खोलीपर्यंत आजूबाजूचा थर उतरवत नेणं म्हणजे लाकूडच उघडं करणं. कागदावर गिटारची आकृती काढून खुणा केल्या : वरच्या पाटीवर, साउंडहोलच्या म्हणजे मधल्या गोल भोकाच्या खाली, पिकनं (तारा छेडायच्या पत्तीनं) पडलेले तीन ओरखडे नखाला जेमतेम जाणवणारे, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलचे दोन खोल चरे, बाकी सगळीकडे स्वर्ल. हा कागद पुढे फार कामाला आला. अर्धं काम झाल्यावर आधी काय होतं हे आठवत नाही आणि माणूस उगाच घासत राहतो.

रविवारी सकाळी तारा काढल्या. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात असतो, त्यामुळे एकदम कापायच्या नाहीत. सगळ्या थोड्या थोड्या सैल करत आणायच्या. ब्रिजच्या खुंट्या पकडीनं ओढल्या तर त्यांची डोकी तुटतात. साउंडहोलमधून हात घालून खालून नाण्यानं ढकलल्या की सुटतात. त्यांचा क्रम बदलू नये, प्रत्येक खुंटी आपापल्या भोकाला बसलेली असते. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून त्यात खोचून ठेवल्या.

मग धुलाई, म्हणजे नुसतं पुसणं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, साठवलेल्या पाण्यात तळाला गाळ असतो आणि बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग पडतात. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, लिटरला ३० रुपये. एक वाटी पाण्यात भांड्याच्या साबणाच्या द्रवाचे दोन थेंब, त्यात मायक्रोफायबरचं फडकं बुडवून घट्ट पिळायचं. ओल फक्त जाणवली पाहिजे, पाणी दिसता कामा नये. त्याआधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ उडवायची, दाबून पुसायची नाही. हात टेकतो त्या जागेवरचा घामाचा चिकट थर पाण्याला दाद देईना. तिथे तोंडाची वाफ सोडून पुसलं की थोडा सुटतो. उरलेल्यासाठी लाइटर फ्लुइड, म्हणजे नॅफ्था. ते जुना मेणचटपणा आणि पॉलिशचे थर उतरवतं आणि वाळलेल्या लॅकरला धक्का लावत नाही. मात्र ते पेट्रोलसारखंच पेटतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातली उदबत्ती विझलेली, एवढं बघूनच डबा उघडायचा.

पुसून झाल्यावर पुन्हा टॉर्च मारला. कागदावरच्या खुणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश खोडाव्या लागल्या. ते ओरखडे नव्हतेच, मळावर उठलेल्या रेघा होत्या. बऱ्याच गिटारींचं काम खरं तर इथेच संपतं.

आता फिनिश, म्हणजे लाकडावरचा वरचा थर, कोणत्या प्रकारचं ते ओळखायचं. फर्निचरवाल्या मिस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर स्पिरिट पॉलिश, एनसी, मेलामाइन, पीयू यांतलं काय आहे ते कळल्याशिवाय कंपाउंडची बाटली उघडू नये. मागच्या टोकाला पट्टा अडकवायचं बटण असतं. त्याचा स्क्रू काढला की वॉशरखाली झाकलेली गोल जागा मिळते. कान साफ करायची कापसाची काडी आधी स्पिरिटमध्ये बुडवून तिथे पाच-सहा सेकंद टेकवली. काही झालं नाही. चिकट झालं असतं तर लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिशचं काम निघालं असतं आणि मी तिथेच थांबलो असतो. ते काम कंपाउंडचं नाही, पॉलिशवाल्याचं आहे. मग दुसरी काडी थिनरमध्ये. या वेळी कापूस ओढताना चिकटला आणि काडीला पिवळट-लाल डाग आला. म्हणजे एनसी, नायट्रोसेल्युलोज लॅकर. पीयू किंवा पॉलिएस्टर असतं तर एवढ्या वेळात थिनरनं त्याला काही झालं नसतं. थिनरचा थेंब पिकगार्डवर (साउंडहोलशेजारच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर) किंवा कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पडू देऊ नका, दोन्ही विरघळतात.

एनसी निघाल्यावर पुढचं सगळं गणित बदलतं. चांगल्या कामात एनसीचा सगळा थर मिळून ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो. झेरॉक्सचा एक कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हाताशी एक-दोन कागद एवढाच माल. पॉलिएस्टरचा थर याच्या दुप्पट-तिप्पट जाड असू शकतो, त्यामुळे तिथे चुकीला जागा असते. इथे नाही. आणि ज्यांची गिटार मॅट किंवा सॅटिन, म्हणजे बिनचमकीची, आहे त्यांनी पुढचं वाचून हात शिवशिवू देऊ नयेत. मॅट थराला घासलं की तेवढीच जागा चमकायला लागते आणि ती चमक परत जात नाही.

सोमवारी खरेदी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर, मागितला तर काउंटरवरून पहिला प्रश्न, "गाडी कुठली आहे वो?" गिटार म्हटल्यावर त्यांनी पुढे केलेला पंधराशे नंबरचा कागद परत आत ठेवला. "मग दोन हजारच न्या की. पंधराशेनं कातडी निघंल." हा सल्ला सोन्यासारखा ठरला. कागदाच्या पाठीवर आकड्याआधी इंग्रजी 'पी' आहे का ते जरूर बघा. पी-२००० चा दाणा १० मायक्रॉनच्या आसपास असतो, पी-२५०० चा ८ च्या आसपास. 'पी' नसलेल्या अमेरिकन मोजणीत तोच आकडा बराच बारीक दाणा दाखवतो. एका मोजणीचा कागद संपवून दुसरीचा आणला तर बारीक समजून जाडा वापरला जातो.

त्याच दुकानातून १८० रुपयांचा रबिंग कंपाउंडचा डबा घेतला, तो वाया गेला. जुन्या गाडीचा उन्हानं पांढरा पडलेला रंग कापायला बनवलेली ती जाडी पेस्ट होती. गिटारच्या मागे खालच्या टोकाला चार बोटं जागेवर करून बघितलं, तर स्वर्ल गेले आणि त्यांच्या जागी त्याहून जाड रेघा आल्या. शिवाय डब्यावर सिलिकॉनबद्दल एक अक्षर नव्हतं. सिलिकॉन लॅकरच्या केसासारख्या भेगांतून आत शिरतं. पुढे कधी कुणी त्यावर लॅकर मारायला गेलं तर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात, थर बसतच नाही. फर्निचर चमकवायच्या फवाऱ्यांतही ते असू शकतं. म्हणून सिलिकॉन नसलेली, मध्यम आणि अतिबारीक अशा दोन बाटल्या ऑनलाइन मागवल्या, १,१५० रुपये. त्या यायला आठ दिवस, म्हणजे दुसरा रविवार वाट बघण्यातच गेला. मधल्या काळात गिटार बिनतारेची, धुतलेल्या मलमलच्या पंच्यात गुंडाळून कपाटावर ठेवली.

तिसऱ्या रविवारी घासायला बसलो, सकाळी आठला. पंखा बंद. छताच्या पंख्याची पाती जी धूळ सोडतात ती थेट ओल्या कंपाउंडमध्ये पडते. टेबलावर जाड चादर, मानेखाली गुंडाळी. साउंडहोल वर्तमानपत्राच्या बोळ्यानं बंद केलं. फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची पट्टी), ब्रिज आणि खुंट्यांच्या भोकांवर मास्किंग टेप. त्यांच्या रोझवुड लाकडाच्या रंध्रांत कंपाउंड गेलं की पांढरं भरून बसतं आणि दात घासायच्या ब्रशनंही नीट निघत नाही. लॅकरवर टेप लावायची वेळ आली तर आधी ती दोनदा कपड्यावर चिकटवून तिचा जोर मारायचा, आणि काम झालं की त्याच दिवशी जमिनीलगत ओढत काढायची. जुन्या एनसीवर टेप रात्रभर राहिली तर थरासकट निघू शकते.

फडक्यांचे टॅग आधी कापून टाकले. तो टॅगच ओरखडा पाडतो. एक फडकं लावायला, दुसरं पुसायला, तिसरं तपासायला, आणि त्यांची अदलाबदल नाही. हाताखालून एक फडकं फरशीवर पडलं ते झटकून परत घेण्याचा मोह झाला होता. बाजूला टाकलं. फरशीवरचा एक कण सकाळची सगळी मेहनत पुसून टाकतो.

मध्यम कंपाउंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्यायचं. तळहाताएवढ्या जागेवर आधी पसरायचं, मग सरळ रेषेत पुढे-मागे तीस-चाळीस हात, नंतर तेवढेच आडवे. दाब सुरुवातीला जेवणाचं ताट पुसतो एवढा, शेवटी जवळजवळ नाही. कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होतात. पांढरा लेप पारदर्शक होऊ लागला की त्याचं काम झालं. तो पूर्ण वाळेपर्यंत घासलं तर उलट नव्या रेघा पडतात. मधूनमधून पालथा हात टेकवून बघायचा, जागा कोमटाहून गरम लागली तर थांबायचं. ड्रिलला स्पंजची चकती लावून हे दहा मिनिटांत होतं हे खरं, पण कडेवर अर्धा सेकंद जास्त राहिलं की रंग गेला. पातळ एनसीवर हातच बरा.

इथे एक फसगत होते. पुसल्यावर जागा आरशासारखी दिसते आणि वाटतं, जमलं! पण कंपाउंडमधलं तेल रेघांत भरून बसलेलं असतं. लाइटर फ्लुइडच्या फडक्यानं एकदा पुसून मग टॉर्च मारायचा. पहिल्या तळहाताएवढ्या जागेत निम्मे स्वर्ल असे परत उगवले. सगळं पुन्हा एकदा करून दुसरा हात दिल्यावर पुष्कळसे गेले. तिसरा हात दिलाच नाही.

वरची पाटी, मागची बाजू आणि दोन्ही कुशी मिळून साडेचार तास लागले. कडांपासून करंगळीभर आत राहिलो. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो, फवारताना तिथे माल टिकत नाही आणि कारखान्यात बफिंग करतानाही तिथलाच जास्त उडतो.

दुपारी तीन वाजता उरलेले तीन ओरखडे घेतले. वॉटर पेपर सकाळीच पाण्यात भिजत टाकला होता, त्यामुळे त्याची कडक कड मऊ झालेली. दोन हजारचा तुकडा दोन बाय चार सेंटिमीटरचा कापून साध्या पांढऱ्या खोडरबरभोवती गुंडाळला. नुसत्या बोटानं कधी घासू नये. बोटाचा दाब मधेच पडतो आणि लॅकरमध्ये लांबट खळगा होतो, जो उजेडात पाण्याच्या लाटेसारखा दिसतो. पाणी थेंबानं मोजून. ब्रिजच्या भोकांजवळ, स्क्रूंजवळ, भेगांजवळ पाणी अजिबात नाही. लाकूड फुगलं की त्या भोवतीचं लॅकर उकलतं. तिथे पाण्याऐवजी लाइटर फ्लुइड.

दहा हात, पुसायचं, बघायचं. घासलेली जागा दुधी होते आणि ओरखड्याचा तळ मात्र चमकत राहतो, दुधी काचेवर काढलेल्या रेघेसारखा. ती चमकती रेघ जितकी बारीक होईल तितकं आपण तळाजवळ आलो. पुसलेलं पाणी बोटावर घेऊन त्याचा रंग बघायचा. दुधाळ पांढरं असेपर्यंत फक्त वरचा पारदर्शक थर उतरतोय. पहिले दोन ओरखडे तिसाव्या हाताच्या आसपास जवळजवळ गेले. तिसरा कडेच्या बाजूला, सनबर्स्टच्या लाल भागात होता. पंधराव्या हाताला बोटावरच्या पाण्यात अगदी फिकट गुलाबी छटा आली. पोटात गोळा आला. सनबर्स्टमध्ये रंग लाकडातच असतो असं नाही, लॅकरच्या मधल्या थरातही असू शकतो, आणि तो एकदा खरवडला की तिथे फिका ठिपका कायमचा. तिथेच हात उचलला. टॉर्चखाली ठिपका दिसला नाही, पण आणखी पाच हात दिले असते तर दिसला असता याची खात्री आहे. तो ओरखडा तसाच ठेवला. नुसत्या कंपाउंडनं त्याचे खांदे गोलावले की उजेड आधीसारखा कडक अडत नाही आणि समोरून बघणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही.

पहिल्या दोन जागांवर पुढे अडीच हजार, मग तीन हजार. प्रत्येक कागद आधीच्याला काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीच्या रेघा संपल्या की नाही ते डोळ्यांना कळतं. कागद बदलताना खोडरबर, हात आणि जागा तिन्ही धुवून घ्यायची. दोन हजारचा एक दाणा मागे राहिला तर तीन हजारच्या कामात तो नांगर चालवतो.

मग आठवडाभर गिटारला हात लावला नाही. शिरलेली ओल निघून जायला एक रात्र पुरली असती, पण मला रविवारच मोकळा होता.

चौथा रविवार सोपा गेला. दुधी जागांवर मध्यम कंपाउंडचे तीन हात, मग सगळ्या अंगावर अतिबारीक, एकच हात आणि तोही हलका. त्यानंतर साफसफाईला पाऊण तास गेला. मागच्या बाजूला लॅकरला केसासारख्या भेगा आहेत, त्यांत पांढरं कंपाउंड वाळून बसलं होतं. गडद रंगावर ते खडूनं ओढल्यासारखं दिसतं. लहान मुलांचा मऊ टूथब्रश लाइटर फ्लुइडमध्ये किंचित ओला करून भेगेच्या दिशेनं फिरवला की निघतं. ब्रश आडवा फिरवला तर भेगेच्या कडा उचलतात. वर मेण किंवा पॉलिश काही लावलं नाही. एनसीला त्याची गरज नसते आणि पुढच्या वेळी तेच आधी उतरवावं लागतं.

खर्च असा : कंपाउंडच्या दोन बाटल्या १,१५०, मायक्रोफायबरची सहा फडकी ४८०, तारांचा संच ४५०, लाइटर फ्लुइड ३५०, वाया गेलेला डबा १८०, वॉटर पेपर १५०, थिनर आणि कापसाच्या काड्या ९०, टेप ६०, डिस्टिल्ड वॉटर ३०, खोडरबर १०. स्पिरिट आणि भांड्याचा साबण घरचेच. कंपाउंड तीन-चतुर्थांश शिल्लक आहे, दोघा-तिघांनी मिळून मागवलं तर निम्म्यात भागेल.

बकलचे दोन चरे मागे तसेच आहेत. जुनी तार परत चढवू नका असं सांगतात ते बरोबर आहे, वळवलेलं टोक खुंटीपाशी तुटतं. नव्या तारा चढवल्यावर सूर दोन दिवस उतरत राहिला, तिसऱ्या दिवशी स्थिरावला. भिंतीवरचा हुक काढला, कारण त्याला रबरी नळी चढवलेली होती आणि एनसी लॅकर रबराच्या सतत स्पर्शानं चिकट होऊन डागाळतं. नळीवर सुती पट्टी गुंडाळून हुक परत लावला. फडकी कोमट पाण्यात, कम्फर्टसारखं काही न घालता धुतली आणि गच्चीवर न वाळवता घरातच दोरीवर टाकली. गच्चीवर धूळ फार.